कबरीतली वस्तू कोणाची?

कबरीत सापडलेली कोणतीही वस्तू मेलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने ठेवलेली नसते. ही इतकी उघड गोष्ट आहे की ती कोणी बोलून दाखवत नाही, आणि म्हणूनच तिचा विसर पडतो. उत्खननात कट्यार निघाली की मेलेला माणूस योद्धा ठरतो. सोनं निघालं की राजा, मणी निघाले की बाई, नुसती दोन मडकी निघाली की गरीब. शाळेच्या पुस्तकापासून वस्तुसंग्रहालयातल्या पाटीपर्यंत हीच रीत चालू आहे. माझं म्हणणं असं आहे की या वस्तू सगळ्यात आधी मागे राहिलेल्यांबद्दल बोलतात. त्यांना कशाची भीती होती, काय सोडून देणं त्यांना परवडत होतं, गेलेला माणूस चार लोकांपुढे कसा दिसावा असं त्यांना वाटत होतं, हे त्यातून कळतं. मेलेल्या माणसाबद्दलही त्या सांगतात, पण आडून, आणि ते ऐकायची पद्धत वेगळी आहे.

हा प्रश्न मला तलमडुगूत बसून पडतो, याला कारण आहे. आमच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. तिथून वर नागपूरपर्यंत गेलं की लोहयुगातल्या शिळावर्तुळांचा मोठा पट्टा लागतो. आणि खाली दक्षिणेला तेलंगणात तसल्याच महापाषाणी दफनांचा दुसरा पट्टा पसरलेला आहे. शिवाय आमच्या आदिलाबाद भागात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी, उर्दू बोलणारी माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात आणि मेल्यावर वेगवेगळ्या रीतीने जातात. एकजण चितेवर जातो. लिंगायत माणसाला बसवून, तळहातावर इष्टलिंग देऊन पुरतात. मुसलमानाला कफनापलीकडे काहीही दिलं जात नाही. मोठ्यांना जाळणाऱ्या घरातसुद्धा तान्हं मूल गेलं तर त्याला मातीच देतात. गोंड-कोलामांच्या आपल्या रीती आहेत. आणखी हजार वर्षांनी कोणी ही जमीन खणली, तर यात श्रीमंत कोण आणि गरीब कोण, हे तो वस्तूंवरून ठरवू शकेल का?

एक उदाहरण पुरेसं आहे. हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान. आदिलाबाद त्याच्याच राज्यात होतं. १९३७ साली ‘टाइम’ साप्ताहिकाने जगातला सर्वात श्रीमंत माणूस म्हणून त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं होतं. २४ फेब्रुवारी १९६७ ला तो वारला आणि हैदराबादेत, किंग कोठीसमोरच्या मशीद-ए-जूदीच्या आवारात आईशेजारी त्याचं दफन झालं. कबरीतल्या वस्तू मोजून संपत्ती ठरवायची तर हा माणूस भिकारी निघेल. सातव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही असंच झालं. अँग्लो-सॅक्सन लोक ख्रिस्ती होत गेले तशा कबरींतल्या तलवारी, मणी, भांडी कमी कमी होत संपल्या. माणसं गरीब झाली नव्हती. मृताला काय द्यायचं याबद्दलचं जिवंतांचं मत बदललं होतं.

आपल्याच घरातली गोष्ट घ्या. सवाष्ण बाई गेली की तिला हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट, ओटी. तिच्याच बरोबरीची, तेवढीच कर्तबगार, पण विधवा बाई गेली तर यातलं काही नाही. दोघींच्या अंगावर काय आहे त्यावरून त्या दोघींबद्दल काय कळतं? कामाबद्दल नाही, स्वभावाबद्दल नाही, हातात किती पैसा होता याबद्दलही नाही. कळतं ते एवढंच, की एकीचा नवरा अजून जिवंत आहे. म्हणजे जो माणूस चितेवर नाही त्याची खबर चितेवरच्या बांगड्या देतात. हे अन्यायाचं आहे, मला ते मुळीच मान्य नाही, आणि ते बदलायला हवं. पण मृतासोबत ठेवलेली वस्तू कसं बोलते हे समजायला याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

आता विदर्भातली वर्तुळं पाहू. नागपूरजवळ जुनापाणी इथे तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. काळ्या दगडाचे मोठाले धोंडे गोलाकार मांडलेले, मध्ये गोटे आणि मुरमाची भर, आणि तिच्याखाली दफन. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कारनॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे खणलं आणि १८७९ मध्ये त्याबद्दल लिहिलं. धोंड्यांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांनी तो फार भारावला होता, कारण तसलेच खळगे स्कॉटलंडमधल्या दगडांवरही होते. त्याच्या आधी निजामाच्या दक्षिण मुलखात, शोरापूरकडे, मेडोज टेलर याने अशीच दफनं उघडली होती. टेलर खणायचा मोठ्या काळजीने, थर आणि आडवे छेद नोंदवून, आणि त्याबद्दल त्याला श्रेय द्यायलाच हवं. पण तोही शेवटी केल्टिक, सिथियन असल्या वंशांच्या नावांशी जाऊन थांबला. दगड सारखे, खळगे सारखे, म्हणून माणसंही तीच, असा तो हिशेब होता. पुढे सगळ्या विसाव्या शतकात हा हिशेब नुसती नावं बदलून आपल्याकडे चालू राहिला. घोडा मिळाला म्हणून आर्य, लोखंड आणि काळी-तांबडी मडकी मिळाली म्हणून द्रविड.

शास्त्रशुद्ध उत्खननं स्वातंत्र्यानंतर झाली. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणी इथे काम केलं. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा आणि १९७० ते ७२ मध्ये माहुरझरी खणलं. १९७८ ते ८० मध्ये देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीच्या परिसरातलं नैकुंड. पुढे भागीमोहारी, आणि देगलूरकर आणि गौरी लाड यांचं रायपूर, नागपूर जिल्ह्यातलं. ही वर्तुळं साधारण इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, मुख्यतः त्याच्या पूर्वार्धातली. त्यांत मिळालेल्या वस्तू पाहिल्या की डोळे दिपतात. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी, भाल्याची पाती. कार्नेलियनचे मणी, काही नक्षी उठवलेले. तांब्याच्या भांड्यांची झाकणं, आणि त्यांच्या टोकावर बसवलेला छोटा पक्षी. आणि घोडे. माहुरझरीला माणसाच्या दफनाबरोबर घोडा पुरलेला निघाला. त्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा साज होता आणि लगामाचं लोखंड होतं.

एवढ्यावरून चित्र तयार झालं: घोड्यावर बसून फिरणारे, लढणारे, गुरं राखणारे, एका जागी न राहणारे लोक. दफनं शेकड्यांनी, वस्त्या मात्र सापडत नव्हत्या, म्हणून ते चित्र पक्कं होत गेलं. मग नैकुंड आणि भागीमोहारीला त्यांच्या राहत्या जागा खणल्या. नैकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली, हवा फुंकायच्या मातीच्या नळ्या मिळाल्या, मळीचे गोळे मिळाले. वस्त्यांच्या मातीतून जळके दाणे वेचले तेव्हा गहू, जव, तांदूळ, मसूर निघाले. म्हणजे हे लोक शेती करत होते, एका ठिकाणी राहत होते, घाम गाळून भट्टी चालवत होते. यातलं जवळजवळ काहीच कबरीत ठेवलेलं नव्हतं. पेरणारा आणि भट्टी फुंकणारा माणूसही मरत असणार. पण मृताला निरोप देताना त्या समाजाला दाखवायचं होतं ते घोडा आणि हत्यार. त्यांना आपण कसे वाटावंसं वाटत होतं हे कबर सांगते. ते कसे जगत होते हे शेजारच्या उकिरड्यातला जळका दाणा सांगतो. मला विचाराल तर विदर्भाच्या पुरातत्त्वाने दिलेला सर्वात मोठा धडा त्या दाण्यांत आहे.

पण म्हणून कबरीतला घोडा खोटा ठरत नाही. त्याला नीट विचारलं पाहिजे. मेलेला माणूस घोडेस्वार होता का, या प्रश्नाचं उत्तर घोडा देणार नाही. घोडा पुरण्याचा अर्थ काय, याचं उत्तर तो देईल. जिवंत, चालतं, कामाचं जनावर एका घराने वा एका गावाने मारलं आणि मातीत घातलं. त्याच्या अंगावरचा तांब्याचा साज उतरवून ठेवणं सहज जमलं असतं, उतरवला नाही. लोखंडाचंही तसंच. ज्या समाजात प्रत्येक कुऱ्हाडीमागे भट्टीवरचे दिवस आणि जाळलेली झाडं आहेत, त्या समाजाने कामाच्या कुऱ्हाडी खड्ड्यात ठेवल्या. त्यागाचं मोल देणाऱ्याच्या खिशावरून ठरतं, आणि ते घेणाऱ्याचं मानपत्र म्हणून वाचलं की सगळाच अर्थ उलटा होतो.

त्याहून मोठी वस्तू तर कोणी मोजतच नाही, कारण ती उचलून संग्रहालयात नेता येत नाही. ते धोंडे. तेलंगणात सिद्दिपेट जिल्ह्यातल्या नर्मेट्टा इथे २०१७ मध्ये पुरातत्त्व खात्याने एक महापाषाणी दफन उघडलं. वरची शिळा सुमारे ४० टनांची होती आणि ती हलवायला क्रेन लागली. ज्यांनी ती बसवली त्यांच्याकडे माणसं, बैल, दोर आणि लाकडं होती. विदर्भातल्या एका वर्तुळाचे दगड ओढायलाही आख्खं गाव लागलं असेल. त्या दिवसांत त्या माणसांना कोणी जेवू घातलं? कोणाच्या शब्दावर ती आली? खड्ड्यातली कट्यार एका घराची असू शकते. वर्तुळ एका घराचं असूच शकत नाही. मेलेल्याची खरी श्रीमंती त्याच्या मागे जमलेल्या हातांत असेल, तर दगडांचं वजन आणि ते कुठून आणले त्याचं अंतर हे सोन्याच्या वजनाच्या आधी लिहायला हवं. आपल्या उत्खनन-अहवालांत मणी नगागणिक मोजलेले असतात. धोंडे मात्र बहुतेक वेळा नकाशावरचे ठिपके होऊन राहतात.

वस्तू पाहून माणसाचा वंश सांगणाऱ्यांना इंग्लंडकडून एक चपराक मिळाली आहे. १९३९ मध्ये सफोकमधल्या सटन हू इथे बेसिल ब्राउन यांनी एक ढिगारा उघडला तेव्हा सुमारे २७ मीटर लांब जहाजाचा ठसा मातीत निघाला. त्यात सोनं, शिरस्त्राण, बायझंटाइन चांदीची भांडी होती, आणि सोन्यात बसवलेली लाल गार्नेट होती. त्या काळच्या युरोपातल्या दागिन्यांतली कितीतरी गार्नेट भारत-श्रीलंकेच्या बाजूने गेलेली होती, हे दगडांच्या रासायनिक तपासणीवरून सांगता येतं. भारतातला दगड इंग्लंडमधल्या कबरीत आहे म्हणून तिथे भारतीय माणूस पुरला असं कोणी म्हणणार नाही. मग तिथल्या मातीत सापडलेली सॅक्सन पद्धतीची पिन मात्र सॅक्सन रक्ताची खूण कशी मानली गेली? दीडशे वर्षं तेच मानलं गेलं. २०२२ मध्ये त्या काळातल्या शेकडो सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. समुद्रापलीकडून माणसं मोठ्या संख्येने आली होती हे त्यातून खरं ठरलं. पण स्थानिक वंशाची माणसंही तशाच वस्तूंसह पुरलेली आहेत, हेही दिसलं. त्याच सुमारास केंटमधल्या अपडाउन इथल्या एका मुलीची हकिकत पुढे आली. वय अकरा ते तेराच्या दरम्यान. जवळ मडकं, सुरी, चमचा, हाडाचा कंगवा. शेजारच्या कबरींसारखंच सगळं. तिच्या डीएनएमध्ये पश्चिम आफ्रिकेतला वारसा आहे, बहुधा आजी-आजोबांपैकी एकाकडून आलेला. वस्तूंवरून हे कधीच कळलं नसतं, कारण तिच्या माणसांना ते सांगण्याजोगं वाटलंच नव्हतं. ती त्यांची मुलगी होती. तिला त्यांनी मुलीसारखं पुरलं.

हाइनरिख हेर्के यांनी १९९० मध्ये दाखवलेली गोष्टही इथे लागू पडते. अँग्लो-सॅक्सन दफनांत हत्यारं घेऊन पुरलेल्यांमध्ये लढण्याच्या वयाला न आलेली मुलं आहेत, आणि हत्यार पेलणं शक्यच नव्हतं अशी व्यंग असलेली माणसंही आहेत. तिथे भाला हातातल्या कसबाचा पुरावा नव्हता. मुलगा कोणत्या घरात जन्मला याची ती घोषणा होती. माहुरझरीच्या कट्यारीला हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘योद्धा’ हा शब्द वापरू नये.

आणि हे समजायला केंटपर्यंत जायचीही गरज नाही. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं, आता कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेलं मार्लवाई गाव. १९४० मध्ये जोडेघाटला गोंडांचा बंडखोर नेता कुमरम भीम मारला गेल्यानंतर निजाम सरकारने गोंडांची स्थिती समजून घ्यायला क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवलं. तो आणि त्याची पत्नी बेट्टी एलिझाबेथ मार्लवाईत राहिले. १९८७ मध्ये बेट्टी हैदराबादेत वारल्या आणि त्यांना मार्लवाईला आणून माती दिली. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला वारले; त्यांच्या अस्थी २०१२ मध्ये त्याच गावात, पत्नीच्या शेजारी आणल्या गेल्या. उद्या कोणी तिथली हाडं तपासून ‘गोंड प्रदेशात युरोपीय वसाहत’ असा निष्कर्ष काढला तर तो खुळा ठरेल. त्या कबरी सांगतात ते हे, की एका गावाने दोन परक्यांना आपलं मानलं.

आता इनामगाव, पुणे जिल्ह्यातलं, घोड नदीकाठचं. डेक्कन कॉलेजने १९६८ ते ८३ या काळात सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांच्या देखरेखीखाली इथे खोदलं. ताम्रपाषाणयुगातलं गाव, इसवीसनपूर्व १६०० ते ७०० च्या दरम्यानचं. तान्ही मुलं दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसं उताणी, डोकं उत्तरेकडे, सोबत खाण्यापिण्याची भांडी, आणि पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडत असावेत, असा अभ्यासकांचा कयास आहे. एकाच घराने तान्ह्याला पायाखालच्या जमिनीत जवळ ठेवलं आणि वडीलधाऱ्याचे पाय तोडून त्याच्या येण्याची वाट बंद केली. यातलं प्रेम आणि भीती दोन्ही मागे राहिलेल्यांची आहे.

आणि मग तो प्रसिद्ध रांजण. न भाजलेल्या मातीचा, चार पायांचा, फुगलेल्या पोटाचा, साधारण माणसाच्या धडासारखा दिसणारा. त्यात मांडी घालून बसवलेला एक प्रौढ पुरुष, आणि त्याचे पाय शाबूत. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात हे दफन होतं. घराला लागून धान्याचं कोठार. गावाचा प्रमुख, असं ढवळीकरांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. पटतं ते रांजणामुळे नाही, तर घर, कोठार, जागा आणि पाय या चार गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात म्हणून. तिथेच तसलाच दुसरा रांजणही मिळाला, पण त्यात माणूस नव्हता. ढवळीकरांनी ते प्रतीकात्मक दफन मानलं: दूर कुठे मेलेल्या आणि देह हाती न आलेल्या माणसाचं. देहच नाही, तरी विधी पुरा केला. दफन कोणासाठी असतं याचा याहून थेट पुरावा मिळणं कठीण आहे.

नेवाशाच्या उत्खननात एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, आणि मण्यांच्या आत कापूस-रेशमाच्या दोऱ्याचे अवशेष टिकून राहिले होते. पुरातत्त्वातला नेहमीचा युक्तिवाद असा, की लहान मुलाने स्वतः काही कमावलेलं नसतं, म्हणून मुलाच्या कबरीतली किमती वस्तू म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या प्रतिष्ठेची खूण. मला हा युक्तिवाद घाईचा वाटतो. मूल गेलं तर आई आपल्या गळ्यातलं काढून त्याच्या गळ्यात घालू शकते. त्याला प्रतिष्ठा लागत नाही, दुःख लागतं. एका कबरीवरून या दोन्हींत निवड करता येणार नाही. शंभर कबरी एकत्र मांडल्या आणि ठरावीक घरांच्या, ठरावीक बाजूच्याच मुलांना माळा दिसल्या, तर तो नियम. नाहीतर ते एका आईचं दुःख आहे आणि त्याला समाजरचनेचा पुरावा बनवू नये.

मेलेल्या माणसाबद्दल मग काहीच कळत नाही का? कळतं. पण त्यासाठी वस्तू आणि देह एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात. मण्याचं भोक दोऱ्याने झिजलेलं असेल तर ती माळ वर्षानुवर्षं कोणाच्या तरी गळ्यात होती. कडा धारदार असतील तर पुरायच्या वेळीच बनवली असेल. कट्यारीचं पातं घासून घासून अरुंद झालंय का? ती ज्याच्याजवळ आहे त्याच्या दंडाच्या हाडावर स्नायूंच्या जोराच्या खुणा आहेत का? दातांवर बालपणीच्या उपासमारीच्या रेषा आहेत का? इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी हे काम बारकाईने केलं, म्हणून तिथली माणसं काय खात होती आणि कोणत्या आजारांनी पोखरली होती याबद्दल आज बोलता येतं. ज्या उत्खननात वस्तू जपल्या आणि हाडं टाकून दिली, तिथे वस्तू कायमची मुकी झाली. रिव्हेट-कारनॅकच्या काळातल्या संग्रहातल्या सुंदर लोखंडी वस्तू काचेआड दिसतात. त्या कोणत्या हाताशेजारी होत्या हे विचारायची सोय उरलेली नाही.

म्हणूनच आज वर्धा-नागपूरकडे शेत सपाट करताना, प्लॉट पाडताना, खडी फोडताना एकेक धोंडा हलतो तेव्हा मला त्यातल्या सोन्याची चिंता वाटत नाही. सोनं कोणी ना कोणी उचलून ठेवेल. जाते ती मांडणी: कोणता धोंडा कुठे होता, डोकं कोणत्या दिशेला होतं, घोडा माणसाच्या कोणत्या बाजूला होता. जुनापाणीला केंद्रीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संरक्षण आहे. खासगी शेतातल्या वर्तुळांना ते नाही. गावच्या तलाठ्याने सातबाऱ्यावर ‘जुनी शिळावर्तुळे’ एवढी एक नोंद घालावी, जमीन अकृषिक करण्याआधी जिल्हा प्रशासनाने त्यांचा मोजणी-नकाशा आणि छायाचित्रं घेणं सक्तीचं करावं, आणि पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबादेतही तेलंगणा सरकारने हेच करावं. शेतकऱ्याची जमीन काढून घ्यायची गरज नाही. धोंडा हलण्याआधी एक माणूस टेप आणि वही घेऊन तिथे पोचला पाहिजे.